√४९ म्हणजे सात, मग उणे सात कुठे जातात?

माझी भाची दहावीत आहे. परवा तिनं दोन चाचण्यांचे पेपर माझ्यापुढे ठेवले. पहिल्यात प्रश्न होता, √४९ ची किंमत लिहा. तिनं ±७ लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती. महिन्याभरानं झालेल्या दुसऱ्या चाचणीत क्ष² = ४९ हे समीकरण सोडवायचं होतं. आधीची फुली लक्षात ठेवून तिनं नुसतं क्ष = ७ लिहिलं, तर तिथेही अर्धा गुण कापला गेला. "मामा, अधिक-उणे लिहिलं तरी चूक, नाही लिहिलं तरी चूक. नक्की कधी लिहायचं ते एकदाच सांग ना!"

तिचा वैताग मला अगदी पटला. हा गोंधळ तिच्या एकटीचा नाही. इंजिनिअरिंगला गेलेली मुलंही इथे अडखळतात, आणि शाळा सुटून वीस-पंचवीस वर्षं झालेल्या मोठ्या माणसांना विचारलं तर √४९ म्हणजे 'अधिक-उणे सात' असं बरेच जण ठामपणे सांगतात.

दोन्ही पेपर बरोबरच तपासले होते. फुलीशेजारी कारण मात्र लिहिलेलं नव्हतं, आणि कारण कळल्याशिवाय ही गोष्ट पाठ करून टिकत नाही. आज पाठ केलं की उद्याच्या पेपरात उलटं लिहून येतो. म्हणून इथे कारणच सविस्तर सांगतो.

आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. आता कुणी विचारलं, "एक गुंठ्याचा चौरस प्लॉट आहे, कुंपणाची एक बाजू किती?" तर आपण ३३ फूट म्हणून मोकळे होतो. तारेचा व्यापारी 'अधिक की उणे?' असं विचारत नाही.

तोच आकडा घेऊन प्रश्न बदलू. "कोणत्या संख्येला त्याच संख्येनं गुणलं की १०८९ येतात?" आता ३३ हे एक उत्तर झालं आणि −३३ हे दुसरं, कारण उणे गुणिले उणे अधिक होतं. इथे फक्त ३३ सांगून थांबलो तर उत्तर अर्धवट राहतं. प्रश्नात 'बाजू' म्हटलेलं नाही, 'संख्या' म्हटलंय, आणि ऋण संख्याही संख्याच आहेत.

भाचीच्या दोन पेपरांत हेच झालं होतं. क्ष² = ४९ हा दुसऱ्या जातीचा प्रश्न आहे. तो विचारतो, ज्यांचा वर्ग ४९ आहे अशा सगळ्या संख्या शोध. अशा दोन आहेत, दोन्ही सांगायला हव्यात. √४९ मध्ये मात्र प्रश्नच नाही. ते एका संख्येचं नाव आहे, जसं २ + ५ हेही ७ चंच एक नाव आहे. √ या चिन्हाचा अर्थ ठरलेला आहे: ज्या संख्येचा वर्ग आतल्या संख्येइतका आहे आणि जी स्वतः शून्य किंवा शून्यापेक्षा मोठी आहे, ती संख्या. अशी एकच असते.

घोळ होतो तो शब्दामुळे. मराठीत 'वर्गमूळ' हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. "४९ ची वर्गमुळं किती?" याचं उत्तर 'दोन, ७ आणि −७' हे अगदी बरोबर आहे. पण √४९ वाचतानाही आपण 'वर्गमूळ एकोणपन्नास' असंच वाचतो, आणि कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं. नीट वाचायचं तर √४९ म्हणजे 'एकोणपन्नासचं धन वर्गमूळ' असं वाचायला हवं. मी भाचीला महिनाभर असंच मोठ्यानं वाचायला सांगितलंय. 'धन' हा एक शब्द तोंडात बसला की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आता तिचा पुढचा प्रश्न, आणि तो खरोखर चांगला होता: "पण असं एकच उत्तर का ठरवलं? दोन्ही घेतली असती तर काय बिघडलं असतं?"

√९ + √१६ किती ते पाहू. ३ + ४ म्हणजे ७, हे कुणीही सांगेल. पण √९ म्हणजे ±३ आणि √१६ म्हणजे ±४ असतं, तर या एका बेरजेला चार उत्तरं आली असती: ७, १, −१ आणि −७. तीन वर्गमुळांची बेरीज केली तर उत्तरं आठपर्यंत जातात. अशा चिन्हांनी साधा हिशेबही पुढे सरकत नाही.

संख्यारेषेवर √२ दाखवायची रचना नववीत करतात. शून्यापासून एक एकक उजवीकडे जायचं, तिथे एक एकक उंच लंब काढायचा, काटकोन त्रिकोण पूर्ण करायचा आणि कर्णाएवढी त्रिज्या घेऊन कंपासनं उजवीकडे कंस मारायचा. कंस रेषेला जिथे छेदतो तो √२, साधारण १.४१४. तो एक ठरावीक बिंदू आहे. √२ चं नाव घेतल्यावर शून्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाखवायची असती, तर 'हा बिंदू √२ चा' हे वाक्यच बोलता आलं नसतं. डावीकडच्या बिंदूलाही नाव आहेच, −√२.

मला सगळ्यात जवळचं वाटणारं कारण तर दहावीच्या मुलांच्या तोंडात रोज असतं. वर्गसमीकरणाचं सूत्र आठवा:

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ

यात √ च्या आधी ± लिहिलेलं आहे. वर्गमुळाच्या चिन्हातच अधिक आणि उणे दोन्ही दडलेले असते, तर ते वेगळं लिहायची गरज काय होती? नुसतं 'अधिक' लिहूनही भागलं असतं. सूत्रात ± हातानं घालावं लागतं याचं कारणच हे, की √ एकच संख्या देतं. ही दोन चिन्हं एका वेळी जन्मलेलीही नाहीत. √ हे चिन्ह जर्मन भाषेत लिहिणाऱ्या ख्रिस्टॉफ रुडॉल्फच्या १५२५ च्या बीजगणिताच्या पुस्तकात छापलं गेलं, आणि ± हे इंग्लंडच्या विल्यम ऑट्रेडनं १६३१ मध्ये वापरलं. दोघांची कामं वेगळी आहेत. √ संख्या देतं, तर ± हा दोन वाक्यांचा जोड आहे. क्ष = ±७ याचा पूर्ण अर्थ 'क्ष = ७ किंवा क्ष = −७' असा होतो. त्यातलं 'किंवा' विसरायचं नाही.

"बरं, एकच घ्यायचं, पण मग धनच का? सगळ्यांनी मिळून ऋण घ्यायचं ठरवलं असतं तर?" हेही तिनं विचारलं. लांबी, अंतर, बाजू या सगळ्या गोष्टी धन असतात, हे एक उत्तर झालं. पण गणिताच्या आतलं कारणही आहे. √४ × √९ = √३६ हा नियम आपण सारखा वापरतो. धन वर्गमुळं घेतली तर २ × ३ = ६, नियम जुळतो. आता सगळीकडे ऋण वर्गमूळ घेऊन पाहा: (−२) × (−३) = ६, पण √३६ मात्र −६ यायला हवं होतं. नियम मोडला. धन वर्गमुळांचा गुणाकार धनच राहतो, म्हणून त्यांचं कुटुंब आपापसात नीट नांदतं. ऋणांचं तसं होत नाही.

मग क्ष² = ४९ सोडवताना ± नेमकं कुठून येतं? वहीत मुलं 'दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेऊन' असं लिहितात आणि खालच्या ओळीत एकदम क्ष = ±७ येतं. मधली एक पायरी वगळलेली असते, आणि सगळा जीव त्या पायरीत आहे. दोन्ही बाजूंना √ लावलं की उजवीकडे √४९ = ७. डावीकडे येतं √(क्ष²). इथे हात आपोआप 'क्ष' लिहितो, आणि तिथेच चुकतो.

क्ष च्या जागी −५ ठेवून बघा. (−५) चा वर्ग २५, आणि √२५ = ५. आत −५ टाकले होते, बाहेर ५ आले. वर्ग करताना उणे चिन्ह पुसलं गेलं, आणि पुसलेलं चिन्ह √ ला परत आणता येत नाही. त्याला आत फक्त २५ दिसतात. ते ५ पासून आले की −५ पासून, हे त्याला कसं कळणार? म्हणून √(क्ष²) म्हणजे क्ष नव्हे, क्ष चं केवलमूल्य, |क्ष|. केवलमूल्य म्हणजे शून्यापासूनचं अंतर. ५ आणि −५ दोघंही शून्यापासून पाच घरं लांब आहेत.

तेव्हा खरी पायरी अशी: |क्ष| = ७. शून्यापासून सात घरं लांब असलेली संख्या कोणती? उजवीकडे ७, डावीकडे −७. ± इथे जन्माला येतं. ते √४९ मधून बाहेर पडलेलं नाही, क्ष च्या बाजूनं आलेलं आहे. क्ष कोण आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही शक्यता धराव्या लागल्या. ही पायरी नकोशी वाटत असेल तर अवयव पाडा: क्ष² − ४९ = (क्ष − ७)(क्ष + ७) = ०. गुणाकार शून्य, म्हणजे दोनपैकी एक कंस शून्य. इथे √ चं चिन्हच लागत नाही, तरी उत्तरं दोनच येतात.

एक बारीक खाच इथेच सांगून टाकतो. क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पाहून मुलं बिचकतात, 'केवलमूल्य उणे कसं?' ते उणे नाहीच. क्ष = −५ असेल तर −क्ष म्हणजे −(−५), म्हणजे ५. अक्षराच्या आधी उणे चिन्ह दिसलं म्हणून ती किंमत ऋण असते असं नाही.

केवलमूल्याची पायरी गाळली की काय अनर्थ होतो, ते दाखवणारं एक जुनं कोडं आहे. १६ − ३६ आणि २५ − ४५, दोन्हीचं उत्तर −२०. म्हणून १६ − ३६ = २५ − ४५. दोन्ही बाजूंत २०.२५ मिळवा. आता डावी बाजू (४ − ४.५)² होते आणि उजवी (५ − ४.५)². पडताळून पाहा, दोन्ही ०.२५ आहेत. मग दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेऊन ४ − ४.५ = ५ − ४.५, म्हणजेच ४ = ५! भाचीनं वही दोनदा तपासली. चूक शेवटच्या उडीत आहे. ४ − ४.५ म्हणजे −०.५ आणि ५ − ४.५ म्हणजे ०.५. वर्ग सारखे, संख्या वेगळ्या. |−०.५| = |०.५| एवढंच म्हणता येत होतं, आणि ते खरंही आहे.

हे सगळं आधुनिक वाटत असेल, पण या प्रश्नावर फार नेमकं लिहिलेलं आपल्याच भागात सापडतं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. त्यांच्या नातवानं, चंगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्यांच्या काळी √ हे चिन्ह नव्हतं. ज्याचं वर्गमूळ नेमकं निघत नाही त्या संख्येला ते करणी म्हणत आणि तिच्या आधी 'क' लिहीत. आपल्या शाळेत √२ ला आजही करणीच म्हणतात. ऋण संख्येच्या डोक्यावर ते टिंब देत.

'बीजगणिता'त त्यांनी एका ओळीत तीन गोष्टी सांगितल्या आहेत. धन असो की ऋण, वर्ग धनच. धन संख्येची मुळं दोन, धन आणि ऋण, 'स्वमूले धनर्णे'. आणि ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही. पहिल्या दोन गोष्टींवर आपण इतका वेळ बोललो. तिसरीबद्दल थोडक्यात एवढंच, की वास्तव संख्यांत ती आजही तशीच खरी आहे. अकरावीत संमिश्र संख्या आल्या की −१ ला मूळ मिळतं, पण तिथे √४ × √९ = √३६ सारखा नियम डोळे मिटून वापरता येत नाही. √(−४) × √(−९) याचं उत्तर −६ येतं, √३६ म्हणजे ६ येत नाही. कारण त्या जगात 'धन' आणि 'ऋण' अशी विभागणीच नाही, आणि वर पाहिलेला नियम धन वर्गमुळांच्या जोरावर उभा होता.

पण भास्कराचार्यांचं खरं मोठेपण मला त्यांच्या माकडांच्या दोन उदाहरणांत दिसतं. पहिलं असं: माकडांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग, एवढी माकडं वनात मजेत खेळताहेत आणि उरलेली बारा डोंगरावर ओरडताहेत. एकूण माकडं किती? एकूण क्ष मानले तर

(क्ष/८)² + १२ = क्ष

हे सोडवत गेलं की (क्ष − ३२)² = २५६ असं येतं. २५६ चं धन वर्गमूळ १६. म्हणून क्ष − ३२ = ±१६, म्हणजे क्ष = ४८ किंवा क्ष = १६. ताळा करू. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. दोन्ही जुळतात आणि दोन्ही कळप जंगलात असू शकतात. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरं दिली.

दुसरं उदाहरण: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक माकड फांदीवर चढलेलं दिसलं. एकूण किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

याचीही दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. ताळा पाहा. ५० चा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १ म्हणजे ५०. पाचचा पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे −२, वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५. समीकरणात दोन्ही चोख बसतात. पण भास्कराचार्य म्हणतात, दुसरं घ्यायचं नाही, ते जुळत नाही. एका माकडातून तीन वजा कशी करणार? प्रत्यक्ष मोजायच्या गोष्टीत ऋण संख्या लोकांना पटत नाही, असं कारणही ते देतात.

हा निवाडा किती स्वच्छ आहे पाहा. एकदा दोन्ही ठेवली, एकदा एक काढलं, आणि दोन्ही वेळा आधी दोन्ही उत्तरं काढली. ऋण मुळाची भीती नाही आणि आंधळा आग्रहही नाही. दोन्ही शक्यता समोर मांडायच्या आणि मग मूळ प्रश्नाला विचारायचं, यातलं तुला कुठलं चालतं? अशा समीकरणांचा नियम सांगतानाही अज्ञाताची किंमत 'क्वचित्' दोन प्रकारची येते असंच ते लिहितात. दहावीच्या शाब्दिक उदाहरणांत आपण 'वय ऋण असू शकत नाही, म्हणून हे उत्तर अमान्य' असं शेवटी लिहितो, ती हीच रीत. फक्त आपण ते यांत्रिकपणे लिहितो.

यांत्रिकपणे लिहिलं की उलटी चूकही होते, ऋण उत्तराला अर्थ असताना ते फेकून दिलं जातं. चेंडू सरळ वर फेकला. तो सर्वांत उंच पोचला त्या क्षणी घड्याळ शून्यावर धरलं. गुरुत्वाचं त्वरण सोपेपणासाठी १० धरलं तर ट सेकंदांनी चेंडू शिखरापासून ५ट² मीटर खाली असतो. शिखराच्या २० मीटर खाली तो कधी होता? ५ट² = २०, म्हणून ट² = ४, म्हणून ट = ±२. 'वेळ ऋण नसतो' म्हणून −२ खोडायची घाई करू नका. ट = २ म्हणजे खाली येताना, शिखरानंतर दोन सेकंदांनी. ट = −२ म्हणजे वर जाताना, शिखराच्या दोन सेकंद आधी. चेंडू त्या उंचीवरून खरोखर दोनदा गेला आहे. चेंडू फेकण्याऐवजी शिखरावरून नुसता सोडला असता तर −२ ला अर्थ नव्हता, कारण शून्याच्या आधी तो हातातच होता. समीकरण तेच, गोष्ट वेगळी.

कधीकधी तर गोष्ट पाहायचीही गरज नसते. प्रश्नात √ लिहिलेलं असेल तर ते चिन्हच एक उत्तर बाद करतं. याचं उदाहरण 'लीलावती'तच आहे, आणि फार सुंदर आहे. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ, एवढे भुंगे मालतीवर गेले. सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही गेले. उरली एक भुंगी, आणि गंधाला भुलून रात्री कमळात अडकलेला, आतून गुणगुणणारा तिचा भुंगा. थवा किती होता?

√(क्ष/२) + (८/९)क्ष + २ = क्ष

वर्गमूळ त्रास देतं म्हणून √(क्ष/२) ला य म्हणू. मग क्ष = २य². समीकरणात घालून आवरलं की २य² − ९य − १८ = ० येतं. सूत्रानं य = ६ किंवा य = −१.५. य = ६ तर क्ष = ७२. य = −१.५ तर क्ष = ४.५.

साडेचार भुंगे नसतात, हे तर झालंच. पण भाचीला मी म्हटलं, भुंगे विसर, समज हे नुसत्या संख्यांचं समीकरण आहे. ४.५ घालून बघ. तिनं घातलं. निम्मे २.२५, त्याचं वर्गमूळ १.५, आठ-नवमांश ४, अधिक २. बेरीज ७.५ आली, ४.५ नाही. ती चमकली. "मी तर सगळ्या पायऱ्या बरोबर केल्या होत्या!" पायऱ्या बरोबर होत्या. आपण य = √(क्ष/२) म्हटलं तेव्हाच य शून्याहून कमी असू शकत नाही हे ठरलं होतं, कारण √ धनच देतं. पुढे क्ष = २य² लिहिताना वर्ग केला, चिन्ह पुसलं गेलं, आणि −१.५ मागच्या दारानं आत आला. ४.५ हे −√(क्ष/२) + (८/९)क्ष + २ = क्ष या दुसऱ्याच समीकरणाचं उत्तर आहे: −१.५ + ४ + २ = ४.५, तंतोतंत. म्हणून दोन्ही बाजूंचा वर्ग करून काही सोडवलं की उत्तरं मूळ समीकरणात घालून पाहावीच लागतात. इथे ताळा हा उत्तराचाच भाग असतो.

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे पाच माकडांचंही असंच झालं का?"

तेच झालं. गुहेत गेलेली माकडं क्ष − १. त्यांच्या संख्येचं वर्गमूळ म्हणजे कळपाचा पाचवा भाग उणे तीन, हीच मूळ गोष्ट. म्हणजे क्ष/५ − ३ = √(क्ष − १). मी कागद तिच्याकडे सरकवला. तिनं आधी ५ घालून पाहिले: डावीकडे −२, उजवीकडे √४, म्हणजे २. जुळलं नाही. मग ५० घातले. डावीकडे १० − ३, म्हणजे ७. उजवीकडे √४९. तिथे ती क्षणभर थांबली, आणि शेजारी नुसतं ७ लिहिलं.